आजोबांची कनू (वल्हवायची निमुळती होडी) दुरुस्त करायची आहे, जाणकारांनी सल्ला द्यावा

मुठेकाठचा · २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

पिरंगुटला आमचं जुनं शेतघर आहे. त्याच्या गोठ्यात आढ्याला एक होडी उलटी टांगलेली आहे. लहानपणापासून तिच्याखाली खेळलो, पण ती कधी खाली उतरलेली पाहिली नव्हती. दिवाळीत कौलं बदलायची निघाली म्हणून चौघांनी मिळून ती उतरवली.

आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते, खडकवासल्याला. त्यांचा गोरा साहेब १९४७ साली विलायतेला गेला तेव्हा ही आजोबांच्या गळ्यात टाकून गेला. तेव्हा खडकवासल्याच्या तलावाला साहेब लोक ‘लेक फाइफ’ म्हणत. हिवाळ्यात आजोबा पहाटे तिच्यातून बदकं मारायला आणि एरवी गळ टाकायला जात. बंदूक परवान्याची होती, ती केव्हाच जमा झाली. राहिली ही होडी.

लांबी टेपने १६ फूट. दोन्ही टोकं सारखीच निमुळती. आतून पातळ लाकडी फळ्या आणि त्यांवर आडव्या फासळ्या, मोजून ४७. बाहेरून जाड कापड चढवून हिरवा रंग दिलेला. कापड ठिकठिकाणी सोलवटलंय. चार फासळ्या मधोमध मोडल्यात, एका फळीला मूठभर भोक आहे आणि दोन्ही टोकांचं लाकूड बोटाने दाबलं तरी भुगा होतंय. दोन बैठकांपैकी एकीचा वेत शिल्लक आहे, दुसरीची नुसती चौकट.

भोसरीच्या एका फायबरग्लासवाल्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, कापड काढून फेका, वरून फायबर मारून देतो, आठवड्यात नवी कोरी. मन धजत नाही. पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. मला ती पुन्हा पाण्यात घालायची आहे, गळ टाकून बसायला.

आगाऊ_पुणेकर · २ नोव्हेंबर

मुठेत घालणार? भिडे पुलापाशी जलपर्णीत रुतून बसेल, उतरून चालत घरी या.

गळटाक्या · २ नोव्हेंबर

फोटो टाका राव. धागा फोटोशिवाय म्हणजे मिसळ तर्रीशिवाय.

टोरांटोकर · ३ नोव्हेंबर

मुठेकाठचा, फायबर मारू नका. कृपा करून मारू नका. तो माणूस उद्या टेंपो घेऊन दारात आला तर चहा पाजून परत पाठवा.

मी इकडे ओंटारिओत गेली बारा वर्षं हिवाळ्यात हाच उद्योग करतो. तुमच्याकडे आहे ती लाकूड-कॅनव्हासची कनू. तिची गंमत अशी की लाकूड पाणी अडवतच नाही. फळ्या जेमतेम ४ मिलिमीटर जाड असतात, एकमेकींना चिकटवलेल्या नसतात, मधे फटी असतात. पाणी अडवतं ते कापड आणि कापडात भरलेला लेप. लाकूड फक्त आकार देतं. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, उन्हात आकसतात, लाटेवर सगळा सांगाडा थोडा थोडा हलतो. तो हलण्यासाठीच बनवलाय. त्यावर पॉलिएस्टर रेझिनचं कडक कवच चढवलं की पहिले दोन पावसाळे झकास जातात. मग लाकूड आणि फायबर यांच्यामधे ओल शिरते, बाहेर यायला वाट नसते, आणि लाकूड आतून कुजायला लागतं. तोवर फायबर सोलून काढायचं म्हटलं तर फळ्याही सोबत येतात. कापडाचं तसं नाही. पंचवीस-तीस वर्षांनी ते बदलायचं असतंच, आणि बदलता येतं.

दोन गोष्टी बघून सांगा. एक, आतल्या बाजूला टोकाच्या वळणदार लाकडावर तळाशी ठोकून काढलेला आकडा आहे का? अमेरिकेतल्या ओल्ड टाउन कंपनीच्या कनूंवर तिथे अनुक्रमांक असतो आणि त्यामागे लांबीचे फूट. त्या क्रमांकावरून ती कनू कारखान्यात कधी बनली, कोणत्या रंगाची होती, कुणाला पाठवली, याच्या नोंदी आजही मिळतात. दुसरं, वरच्या फळकुटावर नावाची पट्टी किंवा तिच्या स्क्रूची भोकं आहेत का? इकडे पीटरबरो गावात बनलेल्या कनूंना तशी पट्टी असे. आता त्याच गावात कनूंचं म्युझियम आहे.

सागशिसम · ३ नोव्हेंबर

वाचनखूण साठवली. टोरांटोकरांनी लिहिलंय त्याच्याशी सुतार म्हणून शंभर टक्के सहमत. कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडताना जोड तिरका घ्या, जाडीच्या किमान आठपट लांब. आणि नेहमीचा पांढरा गोंद नको, दोन भागांचं इपॉक्सी घ्या. होडी जमिनीवर उलटी ठेवली की टोकं ओल धरतात, म्हणून आधी तीच जातात.

कायद्याचं_बोला · ३ नोव्हेंबर

धाग्यात ‘बदकं मारायला’ हे शब्द आलेत म्हणून लिहून ठेवतो, कुणाला नसते उत्साह येऊ नयेत. आजोबांच्या काळी मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी कायदा होता, परवान्यावर शिकार चालायची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही काही वर्षं परवान्याची खिडकी उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आज बदकाला हात लावलात तर गुन्हा.

मासेमारीचंही ऐका. धरणाचा तलाव कुणाच्या बापाचा नसतो हे खरं, पण बहुतेक तलावांत मासेमारीचा ठेका संस्थांना दिलेला असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळही टाकू नये. खडकवासला तर डोक्यातून काढाच. पिण्याचं पाणी, शिवाय एका काठाला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी.

मुठेकाठचा · ५ नोव्हेंबर

टोरांटोकर, आकडा सापडला! म्हणजे अर्धा सापडला. टोक कुजलंय तिथेच तो होता. शेवटचे ‘१६’ स्पष्ट आहेत, आधीचे आकडे भुगा. वरच्या फळकुटावर पट्टी नाही, स्क्रूची दोन भोकंही दिसत नाहीत.

फोटो टाकलेत. आणखी एक मजेशीर गोष्ट: टोकाच्या पोकळीत गोणपाटात गुंडाळलेले दोन लाकडी पक्षी मिळाले. नारळाएवढे, काळेकुट्ट, खालून शिशाचं वजन ठोकलेलं. कपाळावर पांढऱ्या रंगाचा टिपका.

टोरांटोकर · ५ नोव्हेंबर

तर मग बहुधा ओल्ड टाउन. खात्री देता येणार नाही. ते ‘१६’ लिहिलेलं लाकूड कापून फेकू नका. तेवढा तुकडा राखून मागे नवा जोड द्या.

पाणवठ्यावरची · ५ नोव्हेंबर

अहो, ते पक्षी म्हणजे वारकरी! काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून मराठीत वारकरी. शिकारी असे लाकडी पक्षी पाण्यावर तरंगत ठेवायचे. खरे पक्षी वरून उडताना बघतात, खाली आपली मंडळी निवांत बसलीयत म्हणजे जागा सुरक्षित आहे असं समजून उतरतात. आणि मग धाड.

मुठेकाठचा · ५ नोव्हेंबर

ताई, तुम्ही लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते हसत सुटले. आमची आजी माळकरी, दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत जायची. आजोबांनी मारून आणलेलं काही घरात येऊ द्यायची नाही, गोठ्यामागे तीन दगडांची चूल असायची तिथेच काय ते. एकदा आजोबा म्हणाले, ‘आज दोन वारकरी मारले.’ त्या दिवसापासून आठ दिवस आजी त्यांच्याशी बोलली नाही. बाबांना वाटायचं आजोबा नुसती थट्टा करत होते. पक्ष्याचं नावच ते आहे हे त्यांना वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तुमच्यामुळे कळलं.

आगाऊ_पुणेकर · ६ नोव्हेंबर

आजीला +१.

मालवणी_वल्हा · ६ नोव्हेंबर

आमच्याकडे एका झाडाचो खोड कोरून करतंत त्येका पगार म्हणतंत. बाजूक उलांडी (तोल धरूचो ओंडको) बांधली की कलंडणा नाय. फळयेंच्या होडयेत फटींत काथ्यो नायतर कापूस कोंबून डामर लावतंत, वरसून मोरीचा (शार्क माशाचा) तेल नायतर काजीच्या टरफलाचा तेल. वासान डोक्या धरता, पण कीड लागणा नाय.

(आता सगळ्यांना कळेल असं:) तुमच्या होडीला यातलं काहीही करू नका! तिच्या फटींत काथ्या कोंबलात तर भिजल्यावर फळ्यांना फुगायला जागाच राहणार नाही, खिळे उपटतील. प्रत्येक होडीचा धर्म वेगळा.

सीओईपी_८४ · ८ नोव्हेंबर

धागा वाचून संगमाजवळचा आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा (सीओईपी) बोट क्लब आठवला. तिथला रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासून चालू आहे. आमच्या वेळी रेगाटाच्या आधीचे पंधरा दिवस लेक्चरला कोण, तर जे पोहायला घाबरतात ते. लाकडी होड्यांना व्हार्निश मारायचं काम पहिल्या वर्षाच्या पोरांकडे. एकदा मी ओल्या लाकडावर व्हार्निश मारलं, दोन दिवसांत दुधासारखं पांढरं पडलं आणि सीनियरने सगळं खरवडून काढायला लावलं. मुठेकाठचा, लाकूड आतपर्यंत वाळल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका.

अवांतर: पुण्यात वल्हवणं टिकलं ते पाणी अडवल्यामुळे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंडगार्डनचा बंधारा झाला, त्याच्यामागे पाणी तुंबलं, आणि मग साहेबांना तिथे बोट क्लब सुचला. दापोडीला लष्कराच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या (सीएमई) पाण्यावर सराव करून दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला आणि वल्हवण्यात तेरावा आला. मूळचा चांदवडकडचा, दुष्काळी भागातला पोरगा. लष्करात जाईपर्यंत त्याचा आणि होडीचा काय संबंध!

मुठेकाठचा · १६ नोव्हेंबर

प्रगती: कापड उतरवलं. बाहेरच्या कडेच्या पट्ट्या पितळी स्क्रूंनी बसवल्या होत्या, त्यातले अर्धे फिरले, अर्धे तुटले. कापड मात्र केळ्याच्या सालीसारखं निघालं. टोरांटोकरांनी खाजगी निरोपातून बजावलं होतं की जुन्या रंगात आणि लेपात शिसं असणार, तेव्हा सुकी घासणी बंद. पाणी मारून घासलं, तोंडाला चांगला मास्क लावला, निघालेला चिखल डब्यात भरून ठेवला.

तर मुख्य गोष्ट. फासळ्यांच्या मागे, फळ्यांच्या फटींत पिठासारखा बारीक, राखाडी-तपकिरी गाळ भरलेला होता. चाकूच्या टोकाने काढत गेलो तर वाटीभर निघाला. मला वाटलं गोठ्यातली धूळ. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, ही धूळ नाही, हे पानशेत आहे.

१२ जुलै १९६१. धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो, म्हणजे मी नव्हतोच, बाबा नऊ वर्षांचे होते. होडी तेव्हा वाड्याच्या मागच्या पडवीत खुंट्यांवर होती. पाणी चढायला लागलं तशी सगळी बिऱ्हाडं मागच्या जिन्याने शेजारच्या गच्चीवर पळाली. आजीला आजोबांनी पाठीवर घेतलं, बाबांना कुणा शेजाऱ्याने. पाणी ओसरल्यावर परत आले तर पडवीची भिंत गेलेली आणि होडी चौकातल्या चिखलात बसलेली, कुणी दोरीने बांधून ठेवल्यासारखी. तिला ओरखडासुद्धा नव्हता. आजी मरेपर्यंत आजोबांना ऐकवायची, ‘घरात होडी होती, आणि मला जिन्याने पळवलीत.’ आजोबांकडे याला उत्तर नव्हतं. त्या गडबडीत होडी कुणाला आठवलीच नाही.

त्यानंतर ती पिरंगुटला गेली ती गोठ्यातच राहिली. पुराआधी आजोबा दर थंडीत जायचे, पुरानंतर एकदाही गेले नाहीत.

त्या दिवसांबद्दल बाबा नेहमी एकच सांगतात, वासाचं. पेठांत भिजून कुजलेल्या धान्याचा वास. गाळावर त्यांनी पेल्यातलं थोडं पाणी ओतलं, बोटाने कालवलं आणि नाकाला लावलं. ‘नाही येत,’ म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

पाणवठ्यावरची · १६ नोव्हेंबर

काय लिहू कळत नाही. माझी आई तेव्हा शनिवार पेठेत होती. तिला हे वाचायला देते.

टोरांटोकर · १७ नोव्हेंबर

पानशेतबद्दल घरी ऐकलंय. पण गाळ मात्र शेवटच्या कणापर्यंत काढा, दातांच्या जुन्या ब्रशने. तो ओल धरून ठेवतो. डबीत भरून ठेवायचा तर खुशाल ठेवा, होडीत नको.

आता फासळ्या. मूळच्या पांढऱ्या सीडरच्या असतात, साधारण ८ मिलिमीटर जाड. तिकडे सीडर मिळणार नाही. वाफेवर वाकेल असं, सरळ रेषेचं, भट्टीत न वाळवलेलं लाकूड हवं. भट्टीतलं वाकवताना काडकन मोडतं.

सागशिसम · १७ नोव्हेंबर

टिंबर मार्केटमध्ये देवदार मिळेल, पण पॅकिंगच्या पेट्यांचा माल असतो, गाठीच गाठी. कडेच्या पट्ट्यांसाठी चार निवडून घ्या. फासळ्यांना नको. सागवान टिकेल, पण एवढ्या गोलाईला मन देत नाही. माझं ऐकाल तर तुती. जालंधरकडे हॉकीच्या काठ्या तुतीच्याच करायचे, त्या वाकड्या टोकासाठी. सीडरपेक्षा जड आहे, पण चारच फासळ्या आहेत.

मुठेकाठचा · १ डिसेंबर

तुती मिळाली! मामेभावाच्या बांधावर रेशमाच्या हौसेने लावलेलं झाड होतं, हौस फिटली, झाड मांडीएवढं झालं. सॉ मिलवाल्याने आधी ‘एवढ्याशासाठी मशीन चालू करत नाही’ म्हणून हाकललं. फोटो दाखवल्यावर स्वतः कापून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

वाफेची पेटी फळकुटांची केली, सहा फूट लांब, दुसरं टोक फडक्याने सैल झाकलेलं, म्हणजे वाफ कोंडणार नाही. वाफेला गॅसवर पत्र्याचा डबा आणि नळी. सौ.चा कुकर मागितला होता. त्यावर झालेला संवाद इथे लिहिण्यासारखा नाही.

वीस मिनिटं वाफ. बाहेर काढल्यावर हातात जेमतेम दहा-पंधरा सेकंद असतात, तेवढ्यात वाकवायचं. जागा आतल्या बाजूला, वर कडा आडवी येते, म्हणून फासळी आधी बाहेरून होडीच्याच पोटावर वाकवून बांधून ठेवायची आणि थंड झाल्यावर आत बसवायची, हे टोरांटोकरांचं तंत्र. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरीच्या वेळी बाबा म्हणाले, ‘ओढू नकोस, तळहाताने दाबत जा, चपाती थापल्यासारखी.’ बाबांनी जन्मात चपाती केलेली नाही. पण तिसरी वाकली.

इंद्रायणीकाठ · १ डिसेंबर

चपाती थापत नाहीत हो, लाटतात. थापतात ती भाकरी. बाबांना सांगा. वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुठेकाठचा · १४ डिसेंबर

भोकाची फळी बदलली, नवा तुकडा देवदाराचा. उकळतं पाणी फडक्यावर ओतत राहिलो तर आपोआप पोटावर बसला. खिळे मारायची रीत वेगळीच आहे. बाहेरून बारीक पितळी खिळा ठोकायचा, आतून दुसऱ्याने जड लोखंड टेकवून धरायचं. खिळ्याचं टोक त्यावर आपटून वळतं आणि माशाच्या गळासारखं परत लाकडात रुततं. बाबा आतून लोखंड धरून बसायचे. दोन रविवार. हातोडी चुकली की आतून ‘हं’ असा आवाज यायचा, बस.

खिळे बोहरी आळीत मिळाले, तेही पाचव्या दुकानात. पहिल्या चौघांनी लोखंडी दाखवले आणि ‘पितळी कशाला, हे पन्नास वर्षं जातील’ म्हणाले. टोकांवरच्या पितळी पट्ट्या तांबट आळीतून ठोकून आणल्या. बैठकीचा वेत विणायला बुरूड आळीत गेलो तर त्यांनी बांबूचं काम करतो म्हणून दुसऱ्याकडे धाडलं. वेताच्या खुर्च्या विणणारे एक अंध काका आहेत, त्यांनी चौकट मांडीवर घेतली, चारी बाजूंची भोकं बोटांनी मोजली आणि विचारलं, ‘याच्यावर बसून मासे धरणार का?’ मी तर काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, ‘चौकट पुढे उतरती केलीय. म्हणजे बसणारा गुडघ्यावर टेकत असणार.’

टोरांटोकर · १४ डिसेंबर

त्या काकांना माझा नमस्कार सांगा. मला हे कळायला तीन कनू लागल्या.

मुठेकाठचा · ११ जानेवारी

आज कापड चढवलं. १० नंबरचा कॅनव्हास, चौरस मीटरला साधारण ५०० ग्रॅमचा, रुंदी पाच फूट, लांबी अठरा फूट घेतली. कापड मधोमध दुमडून झोळीसारखं टांगायचं, दोन्ही टोकं दोन झाडांना, एका टोकाला चेन पुली. होडी झोळीत ठेवायची आणि आतून वजन द्यायचं. वजन म्हणून सोसायटीतली चार पोरं बसवली. पुली ओढत गेलो तसं कापड ताणून ढोलासारखं वाजायला लागलं. पोरांनी लगेच पथकाचा ठेका धरला. ताण धरून कडेला खिळे मारत गेलो, सकाळी नऊला सुरुवात केली, संध्याकाळी पाचला संपलं. बोटं वळत नाहीयेत, बाकी उद्या.

मुठेकाठचा · १३ जानेवारी

बाकी म्हणजे एक फजिती. कापडात भरायचा लेप: सिलिकाची पूड, बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल), थोडा इनॅमल रंग, टर्पेंटाइन, ड्रायर. जुन्या कृतीतला सफेदा टाळला, तो शिशाचा. हाताने चोळून चोळून लेप कापडाच्या विणीत भरला. हात पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यातल्या बादलीत टाकली आणि जेवायला गेलो. तासाभराने शेजारचा गडी ओरडत आला, गोठ्यातून धूर येतोय. बादलीतली फडकी आपली आपण पेटली होती! विडी नाही, काडी नाही.

सागशिसम · १३ जानेवारी

बेलतेलाची फडकी कधीही चुरगळून टाकू नये. तेल वाळताना गरम होतं, चुरगळलेल्या कापडात ती उष्णता कोंडते. दोरीवर पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवायची. हे मी लिहायला हवं होतं, चूक माझी. होडी वाचली ना?

मुठेकाठचा · १३ जानेवारी

वाचली. बादली प्लास्टिकची होती, तिची पोळी झाली. हिने कुकर का दिला नाही ते आता पटलं.

टोरांटोकर · १४ जानेवारी

आता महिना-दीड महिना हात लावू नका. लेप कडक होईपर्यंत नुसतं बघा. नख रुतत नाही असं झालं की रंग.

गळटाक्या · २० फेब्रुवारी

धागा वर काढतोय. रंग झाला का? मी उजनीला जातो, सोबत येतो. तिकडे चिलापी भरपूर, नशीब असेल तर मरळ आणि वाम. आमिषाला कणकेत शेंगदाण्याची पेंड मळा. एक विनंती: कुठेही खडशी म्हणजे महसीर लागला तर सोडून द्या. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांनी १९७० पासून त्याची पिल्लं वाढवून सोडायचं काम केलंय, तेव्हा कुठे तो दिसतो. आणि पावसाळ्यात गळ नको, चढणीचे मासे अंड्यांवर असतात.

कायद्याचं_बोला · २० फेब्रुवारी

लाइफ जॅकेट. घालून, होडीत ठेवून नाही. २०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. संध्याकाळचा वारा सुटायच्या आत काठाला या.

मुठेकाठचा · २ मार्च

रंग झाला, तोच हिरवा. आतून व्हार्निश. सीओईपी_८४, लाकूड वाळलेलं होतं!

पहिली चाचणी मित्राच्या शेततळ्यात. शेततळं दिसायला सोपं, पण प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. म्हणून आधी चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले. होडी सोडली आणि मी पाय ठेवल्याबरोबर ती बाजूला सरकली, मी पाण्यात. जॅकेट होतं. मित्राने व्हिडिओ काढलाय, मागू नका. नंतर कळलं: पाऊल बरोबर मधे टाकायचं आणि लगेच गुडघ्यावर बसायचं. उभं राहून गळ फेकायचा विचारही नको. अर्ध्या तासात तळाशी ओंजळभर पाणी.

टोरांटोकर · २ मार्च

ओंजळभर म्हणजे उत्तम. माझ्या पहिलीत बादलीभर होतं.

मुठेकाठचा · १५ मार्च

काल उजनी. कुंभारगावच्या एका मच्छीमार दादांनी संस्थेच्या लोकांशी बोलणं करून ठेवलं होतं आणि स्वतःची होडी घेऊन आमच्याबरोबर राहिले. आता ते सकाळी पर्यटकांना रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवतात. आमच्या कनूभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, ‘पातळ आहे. पण देखणी आहे.’

गळटाक्या काठावर सामान लावत होता. मी बाबांना म्हटलं, तुम्ही काठावर बसा, मी आधी एक चक्कर मारतो. ते ऐकेनात. जॅकेट घालून, धोतराचा काचा मारून पुढच्या बैठकीवर बसले. निघाल्यावर शंभर हात ते दोन्ही कडा घट्ट धरून होते, नजर तळाकडे. मी विचारलं, पाणी येतंय का? म्हणाले, ‘बघतोय.’ मग थोड्या वेळाने एक हात सोडला. मग दुसरा.

पुढे पाण्यावर काळे ठिपके दिसले. वारकरी, पन्नास-साठ तरी. आम्ही वल्हं थांबवलं. ते लाकडी दोघे घरीच ठेवले होते, बाबांनीच नको म्हटलं. पक्षी उडाले नाहीत, नुसते जरा बाजूला झाले.

पाणवठ्यावरची · १५ मार्च

 जवळ गेला नाहीत ते छान केलंत.

आगाऊ_पुणेकर · १५ मार्च

ते सगळं ठीक. साडेचार महिने धागा वाचतोय. मासा लागला का?

मुठेकाठचा · १५ मार्च

एक चिलापी. तळहाताएवढी. बाबांनी सोडून दिली. गळटाक्या अजून बोलत नाहीये.

गळटाक्या · १५ मार्च

चिलापी कोण सोडतं राव! ती उजनीत नको तेवढी झालीय. तळून खाल्ली असती तर पाण्याचं भलंच झालं असतं.

टोरांटोकर · १६ मार्च

गळती अजून आहे का? असेल तर होडी ओली आहे तोवरच आतून खडूने खूण करून ठेवा. वाळल्यावर जागा सापडत नाही.

मुठेकाठचा · १६ मार्च

केली. डाव्या बाजूला, मागून नववी फासळी. तुतीचीच आहे.